नदीच्या गाळातले जड धातू: नमुना काढण्यापासून जोखीम निर्देशांकापर्यंत

महाविद्यालयीन प्रकल्पांत, नदीप्रेमी गटांच्या अहवालांत आणि काही शोधनिबंधांतही एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. गाळ काळ्या बेसाल्टच्या खोऱ्यातला असतो आणि त्याची तुलना होते जगभरच्या शेल (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) खडकातल्या धातूंच्या सरासरीशी. मग तांबे भरमसाट वाढलेले दिसते, शिशाची खरी वाढ झाकली जाते आणि ‘पर्यावरणीय जोखीम कमी’ असा निष्कर्ष छापला जातो. त्या निष्कर्षावर कुणी सांडपाणी प्रकल्पाची मागणी करणार असते, कुणी ती फेटाळणार असते. म्हणून काम पहिल्या बाटलीपासून नीट व्हायला हवे.

उदाहरणासाठी उल्हास नदी आणि तिला कल्याणजवळ मिळणारी वालधुनी घेतली आहे. बेसाल्टचे खोरे, अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यातले कारखाने, शहरांचे सांडपाणी आणि खालच्या अंगाला खाडीची भरती अशा सगळ्या अडचणी इथे एकत्र सापडतात. मुळा-मुठा किंवा पंचगंगेवर काम करणाऱ्यांनी भरतीचा भाग सोडून द्यावा, बाकी क्रम तोच.

टप्पा १: प्रश्न आणि प्रयोगशाळा आधी ठरवा

नदीवर जाण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढा: आपल्याला काय सिद्ध करायचे आहे? ‘वालधुनीमुळे उल्हासच्या गाळात शिसे आणि कॅडमियम वाढते का?’ हा प्रश्न झाला. ‘उल्हास नदीचे प्रदूषण’ हा विषय झाला, त्यावरून किती नमुने घ्यायचे हे कळत नाही.

मग प्रयोगशाळेशी बोला. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असली तरी ती गाळासाठी आणि तुमच्या धातूंसाठी आहे का, ते मान्यतेच्या यादीत पाहा. बऱ्याच ठिकाणी ती फक्त पाण्यापुरती असते. तीन गोष्टी लेखी घ्या. प्रत्येक धातूची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारे किमान प्रमाण, किती, गाळ कोणत्या आम्लांत विरघळवणार, आणि प्रमाणित संदर्भ गाळ (ज्यातले धातू आधीच नेमके माहीत आहेत असा) सोबत चालवणार का.

शोधमर्यादेवर अडून बसा. हॅकनसनच्या जोखीम निर्देशांकात (धातूंची वाढ आणि विषारीपणा एका आकड्यात मांडणारी पद्धत, टप्पा ७) कॅडमियमच्या विषारीपणाचे वजन ३० आहे. फ्लेम एएएस (ज्योतीवर चालणाऱ्या अणुशोषण) यंत्राची गाळातली मर्यादा किलोला १ मि.ग्रॅ. असेल, निकाल ‘आढळले नाही’ असा आला आणि रिवाजाप्रमाणे तुम्ही मर्यादेची निम्मी किंमत, म्हणजे ०.५, धरली, तर ०.२ या पार्श्वभूमीवर (प्रदूषण नसतानाच्या नैसर्गिक प्रमाणावर) एकट्या कॅडमियमची जोखीम ०.५ ÷ ०.२ × ३० = ७५ निघते. जो धातू मोजलाच गेला नाही, त्याची ‘मध्यम जोखीम’! कॅडमियमसाठी ग्राफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस यांसारखे अधिक सूक्ष्म मोजणारे यंत्र हवे.

*तपासा:* पारा मोजायचा असेल तर आताच ठरवा. त्याची बाटली, वाळवण्याचे तापमान आणि यंत्र, तिन्ही वेगळी लागतात.

टप्पा २: ठिकाणे निवडा

पुलावरून बादली सोडणे सोयीचे असते, म्हणून बहुतेकांची ठिकाणे पुलाखाली असतात. तिथे रस्त्यावरून वाहून आलेले टायरचे कण, रंग आणि गंज पडतो; जस्त वाढलेले दिसते ते अनेकदा नदीचे नसून पुलाचे असते. पुलापासून वरच्या बाजूला निदान शंभर मीटर सरका.

उल्हाससाठी मांडणी अशी करता येईल. कर्जतच्या वरच्या अंगाला, जिथे उद्योग नाहीत, तिथे संदर्भ ठिकाण. मग नेरळ, बदलापूर, वालधुनीचा प्रवाह स्वतंत्रपणे, संगमाच्या वर, संगमाच्या खाली आणि खाडीत एक-दोन. संदर्भ ठिकाण एकच ठेवू नका. त्याच खडकावरून वाहणारे, वस्ती नसलेले दोन-तीन ओढे धरा. पुढचे सगळे गणित या ठिकाणांवर उभे राहते, म्हणून त्यांच्यासाठी वेळ आणि पैसे राखून ठेवा.

दोन स्थानिक गोष्टी नकाशावर दिसत नाहीत. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्राचे पाणी उल्हासमध्ये येते आणि वीजनिर्मितीप्रमाणे प्रवाह कमी-जास्त होतो. त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा पाण्याचा नमुना एकाच नदीचा असूनही सारखा नसतो. प्रत्येक ठिकाणी वेळ आणि पाण्याची पातळी लिहा. दुसरे, कल्याणचा भाग भरतीच्या टप्प्यात आहे. भरतीबरोबर संगमाचा गढूळ लोट वरच्या दिशेलाही सरकतो. म्हणजे ‘संगमाच्या वर’ म्हणून घेतलेल्या गाळात वालधुनीचा माल आधीच बसलेला असू शकतो. ते ठिकाण बरेच वर, क्षारता (पाण्याचा खारेपणा) वाढत नाही अशा जागी न्या.

महिना निवडताना पावसाळा विसरू नका. जुलै-ऑगस्टच्या पुरात वरचा थर धुऊन जातो आणि नवा माल येऊन बसतो. एप्रिल-मेमध्ये संथ पाण्यात साचलेला गाळ मिळतो, नोव्हेंबरमध्ये पुरानंतरचा. दोन्ही घेणे उत्तम. एकदाच जाणार असाल तर मे, आणि अहवालात महिना ठळक लिहा.

टप्पा ३: बाटल्या आणि अवजारे तयार करा

पाण्यासाठी एचडीपीई प्लास्टिकच्या नव्या बाटल्या घ्या. साबणाने धुऊन १० टक्के नायट्रिक आम्लात चोवीस तास बुडवून ठेवा, मग आयनमुक्त पाण्याने तीन-चार वेळा विसळा आणि झाकण लावून स्वच्छ पिशवीत ठेवा. शीतपेयाच्या किंवा विकतच्या पाण्याच्या बाटल्या या कामाला चालत नाहीत. त्या कुठे होत्या, कशाने धुतल्या, हे कुणालाच सांगता येत नाही. पाऱ्यासाठी बोरोसिलिकेट काच लागते, कारण पारा पॉलिथिनमधून आरपार जातो आणि आत चिकटूनही बसतो.

गाळ काढायला प्लास्टिकचे फावडे. खोल पाण्यात एकमन किंवा व्हॅन व्हीन ग्रॅब (तळाचा गाळ जबड्याने उचलणारे अवजार) वापरावा लागला तर धातूच्या जबड्याला लागलेला गाळ टाकून फक्त मधला भाग घ्या. चाळणी नायलॉनची. पितळी चाळणीतून चाळलेल्या गाळात तांबे-जस्त मोजणे म्हणजे चाळणीच मोजणे.

आम्ल नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. बाटल्या घरी धुतानाही नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवा.

*इशारा:* वालधुनीसारख्या नाल्यात एकट्याने किंवा अंधारात उतरू नका. २०१४ मध्ये या नदीत बेकायदा सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. पाण्यावर अनोळखी तीव्र वास आला, डोळे चुरचुरले, तर नमुना सोडा आणि वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडा. काळा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोड्या वेळाने नाक त्या वासाला सरावते, म्हणून ‘वास गेला’ यावर विसंबू नका.

टप्पा ४: नदीवर आधी पाणी, मग गाळ

हा क्रम मोडला की पाण्याचा नमुना वाया जातो. गाळात पाय पडताच कण वर येतात आणि ‘पाण्यातले शिसे’ म्हणून तुम्ही तेच मोजता.

प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा. बाटली नदीच्याच पाण्याने तीन वेळा विसळा, पृष्ठभागाखाली वीतभर बुडवा आणि भरू द्या. पीएच, तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन तिथेच मोजा. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हे आकडे बदलतात. कठीणपणासाठी (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणासाठी) वेगळी बाटली भरा. कठीण पाण्यात कॅडमियम, तांबे, जस्त यांचा माशांवरचा विषारी परिणाम कमी होतो, म्हणून कठीणपणाशिवाय या आकड्यांचा अर्थ अपुरा राहतो.

विरघळलेला धातू आणि एकूण धातू यांसाठी दोन वेगळ्या बाटल्या लागतात. विरघळलेल्यासाठी नदीकाठीच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळा आणि मगच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. उलटे केले, म्हणजे आधी आम्ल आणि मग गाळणे, तर कणांना चिकटलेला धातू सुटून पाण्यात येतो आणि निकाल फुगतो. ही चूक नंतर कुठल्याच आकडेमोडीने दुरुस्त होत नाही. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे अधिक विषारी रूप) मोजायचे असेल तर त्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालू नका. ती बर्फात ठेवून चोवीस तासांत पोहोचवा.

आता गाळ. वाळू नको. वळणाच्या आतल्या बाजूला, झुडपांच्या आडोशाला, संथ पाण्यात मऊ चिखल बसतो, तिथला वरचा पाच सेंटिमीटरचा थर घ्या. एका ठिकाणी दहा-वीस मीटरच्या आत चार-पाच जागांचा गाळ प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करा, दगड, पाने, गोगलगायी काढून टाका आणि साधारण एक किलो पिशवीत भरा. हवा दाबून बाहेर काढा. पिशवीवर आणि आत टाकलेल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे पेन्सिलने क्रमांक लिहा. शाई ओलाव्याने पसरते.

ठिकाणांचा क्रम स्वच्छाकडून घाणीकडे ठेवा. कर्जत सकाळी, वालधुनी शेवटी. अवजारे प्रत्येक ठिकाणी नदीच्या पाण्याने, मग सोबत नेलेल्या आयनमुक्त पाण्याने धुवा. खाडीतला गाळ पूर्ण ओहोटीला घ्या आणि क्षारता नोंदवा: खाऱ्या पाण्यात कॅडमियम क्लोराइडशी बांधले जाऊन गाळातून पाण्यात उतरते. तिथे गाळातले कॅडमियम कमी दिसले म्हणून प्रदूषण संपले असे समजू नका.

*तपासा:* दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागी पुन्हा नव्याने काढलेला. शिवाय दररोज एक कोरा नमुना: आयनमुक्त पाणी नदीवर नेऊन, त्याच फिल्टरमधून गाळून, तेच आम्ल घालून भरलेली बाटली. कोऱ्या नमुन्यात जस्त निघाले तर त्या दिवसाचे पाण्यातले जस्त बाद.

टप्पा ५: वाळवणे, चाळणे, विरघळवणे

गाळ प्लास्टिकच्या ट्रेमध्ये धूळ नसलेल्या खोलीत सावलीत वाळवा, किंवा ओव्हनमध्ये ४० अंशांवर. १०५ अंशांवर पारा उडून जातो. ओलावा काढण्यासाठी छोटा वेगळा भाग १०५ वर तापवा आणि सगळे निकाल कोरड्या वजनावर आणा.

मग ६३ मायक्रॉनची चाळण. धातू बारीक कणांना चिकटतात; वाळू जितकी जास्त, तितका आकडा कमी. न चाळलेल्या नमुन्यांत बदलापूरला वाळू आणि कल्याणला चिखल मिळाला, तर कल्याणचा ‘वाढलेला’ धातू फक्त कणांच्या आकारामुळे असू शकतो. सगळे नमुने एकाच चाळणीतून काढा आणि बारीक भागाचे शेकडा प्रमाण लिहा.

विरघळवण्याच्या पद्धतीवर फार कमी लोक लक्ष देतात. अॅक्वा रेजिया, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, सिलिकेट खनिजे पूर्ण फोडत नाही. बेसाल्टमधले क्रोमियम स्पिनेल खनिजांत अडकलेले असते, त्यातले बरेचसे तळाशी राहते. हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विरघळवले तर सगळे बाहेर येते, पण ते आम्ल अतिशय धोकादायक आहे आणि प्रशिक्षित माणसाखेरीज कुणी हाताळू नये. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते असे: नमुना अॅक्वा रेजियात आणि तुलनेचे मूल्य पूर्ण विरघळवलेल्या खडकाचे. संदर्भ ओढ्यांचा गाळ आणि प्रदूषित गाळ एकाच पद्धतीने, एकाच खेपेत चालवून घ्या.

निकाल आल्यावर एक आकडा हाताने तपासा. अर्धा ग्रॅम गाळ विरघळवून द्रावण ५० मि.लि. केले आणि यंत्राने शिसे लिटरला ०.३८ मि.ग्रॅ. दाखवले. ०.३८ × ०.०५ लिटर ÷ ०.०००५ किलो = ३८ मि.ग्रॅ./किलो. अहवालात ३.८ किंवा ३८० असेल तर विरलीकरणाचा गुणक चुकला आहे.

*तपासा:* संदर्भ गाळातली मोजणी प्रमाणित मूल्याच्या ८० ते १२० टक्क्यांत आली का? एखाद्या धातूची आली नसेल तर तो धातू निर्देशांकातून काढा. सरासरी काढून चालवून घेऊ नका.

टप्पा ६: पार्श्वभूमी मूल्य

टुरेकियन आणि वेडेपोल यांनी १९६१ मध्ये दिलेली शेलची सरासरी सगळीकडे वापरली जाते: तांबे ४५, जस्त ९५, शिसे २०, कॅडमियम ०.३, क्रोमियम ९०, निकेल ६८ मि.ग्रॅ./किलो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबे सहसा शंभराच्या पुढे असते. शिसे मात्र बेसाल्टमध्ये फार कमी. त्याच यादीत बेसाल्टसाठी ते ६ दिले आहे. म्हणजे शेल वापरली की तांब्याबाबत निर्दोष नदी दोषी ठरते आणि शिशाबाबत दोषी नदी सुटते.

म्हणून स्थानिक मूल्य काढा. संदर्भ ओढ्यांच्या ६३ मायक्रॉनखालच्या गाळाचा मध्यक हा पहिला मार्ग. दुसरा, पीव्हीसी पाइप ठोकून काढलेल्या उभ्या गाभ्याचा खालचा थर. पण उल्हासच्या खाडीत रेती उपसा झाला आहे. उपशाच्या जागी थर उलटेपालटे झालेले असतात, तिथला खोल थर जुना असेलच असे नाही.

समृद्धी गुणक (धातू पार्श्वभूमीच्या किती पट आहे ते) काढताना नमुना आणि पार्श्वभूमी या दोन्हींतला धातू आधी त्यांच्याच अॅल्युमिनियमने भागा. लोह वापरू नका: बेसाल्टमध्ये ते मुळातच भरपूर असते, शिवाय काळ्या, ऑक्सिजनविरहित चिखलात ते जागा बदलते.

टप्पा ७: निर्देशांक

पद्धत समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. वालधुनीच्या खालच्या एका नमुन्यात, समजा, तांबे १६०, शिसे ३८, कॅडमियम ०.९, जस्त २४०, क्रोमियम १८० मि.ग्रॅ./किलो. संदर्भ ओढ्यांतली मूल्ये अनुक्रमे १३०, ८, ०.२, १०० आणि १४०.

नमुन्याला पार्श्वभूमीने भागले की दूषण गुणक मिळतो. त्याला हॅकनसन यांनी १९८० मध्ये दिलेल्या विषारीपणाच्या गुणकाने गुणायचे: पारा ४०, कॅडमियम ३०, आर्सेनिक १०, तांबे आणि शिसे ५, क्रोमियम २, जस्त १.

शेल धरून: कॅडमियम ९०, तांबे १७.८, शिसे ९.५, क्रोमियम ४, जस्त २.५. बेरीज १२४.
स्थानिक मूल्य धरून: कॅडमियम १३५, शिसे २३.८, तांबे ६.२, क्रोमियम २.६, जस्त २.४. बेरीज १७०.

तांबे आणि शिसे यांनी जागा बदलल्या. स्रोत शोधायला निघालेला माणूस पहिल्या यादीवरून तांब्याच्या मागे लागेल, दुसरीवरून शिशाच्या.

दुसरी चूक उंबरठ्याची. १५० खाली कमी, ३०० पर्यंत मध्यम, ६०० पर्यंत लक्षणीय, त्यापुढे अतितीव्र, ही वर्गवारी हॅकनसन यांच्या आठ प्रदूषकांच्या बेरजेसाठी आहे. त्या आठांत पीसीबी हा सेंद्रिय रसायनांचा गटही होता, निकेल नव्हते, आणि त्यांच्या गुणकांची बेरीज १३३ होते. आपल्या पाच धातूंची ४३. मग १५० × ४३ ÷ १३३ = ४८.५, म्हणजे पहिला उंबरठा साधारण ५०, पुढचे १०० आणि २००. जुन्या उंबरठ्यावर १२४ ‘कमी जोखीम’ दिसते. दुरुस्त उंबरठ्यावर १२४ आणि १७० दोन्ही ‘लक्षणीय’ ठरतात. आठ प्रदूषकांचा उंबरठा पाच धातूंना लावून नदीला निर्दोष ठरवणे हा नदीकाठच्या लोकांवर अन्याय आहे.

एका धातूपुरत्या जोखमीचे उंबरठे (४०, ८०, १६०, ३२०) बहुतेक जण तसेच ठेवतात. म्यूलरचा भूसंचय निर्देशांकही काढा: नमुना भागिले पार्श्वभूमीची दीडपट, त्याचा २ पायाचा लॉगॅरिदम. शिशासाठी ३८ ÷ १२ वरून १.६६ येते, म्हणजे मध्यम दूषित. शेल धरली असती तर ०.३४.

*इशारा:* मॅक्डॉनल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या गाळ-मानकांत निकेलची वरची पातळी (जिच्यापुढे सजीवांना इजा संभवते) ४८.६ आणि तांब्याची १४९ मि.ग्रॅ./किलो आहे. बेसाल्टचा स्वच्छ गाळही ती ओलांडू शकतो. ‘मानकापेक्षा जास्त’ लिहिण्याआधी संदर्भ ओढ्याचा आकडा शेजारी ठेवा.

टप्पा ८: धातू सुटा आहे की खडकात अडकलेला?

एकूण धातू सजीवांपर्यंत पोहोचेलच असे नाही. बीसीआर नावाच्या क्रमवार निष्कर्षण पद्धतीत गाळातला धातू टप्प्याटप्प्याने आधी सौम्य अॅसेटिक आम्लात, मग हायड्रॉक्सिलअमाइनमध्ये, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि शेवटी अॅक्वा रेजियात काढतात. पहिल्या टप्प्यात सुटणारा वाटा १० टक्क्यांखाली असेल तर जोखीम कमी, ३० पर्यंत मध्यम, ५० पर्यंत जास्त, त्यावर अतिशय जास्त. बेसाल्टमधले क्रोमियम बहुधा शेवटच्या टप्प्यात राहते. सांडपाण्यातून आलेले कॅडमियम आणि जस्त पहिल्यात सुटते. पैसे मोजकेच असतील तर सगळ्या ठिकाणांऐवजी सर्वांत वाईट दोन आणि एक संदर्भ ठिकाण यांवरच ही चाचणी करा. हे निष्कर्षण ओल्या, न वाळवलेल्या गाळावर केले तर जास्त विश्वासार्ह, कारण हवेत वाळताना सल्फाइडला बांधलेला धातू सुटा होतो.

टप्पा ९: अहवालात काय लिहायचे, काय नाही

पाण्यातले आकडे आयएस १०५०० शी ताडून ‘नदी सुरक्षित’ असे लिहिले जाते. ते मानक पिण्याच्या पाण्याचे आहे. शिशासाठी लिटरला ०.०१ आणि कॅडमियमसाठी ०.००३ मि.ग्रॅ. ही माणसासाठीची मर्यादा आहे, माशांसाठीची नाही. शिवाय पाणी मानकात बसले तरी गाळ भरलेला असू शकतो.

उलट बाजूनेही सांभाळा. निर्देशांक १७० आला म्हणजे काठावरची पालेभाजी किंवा खाडीतले मासे विषारी आहेत असे ठरत नाही. ते म्हणायचे तर भाजी आणि मासे मोजावे लागतील. मासे विकून घर चालवणाऱ्या कोळी कुटुंबांवर अशा एका वाक्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी बाजारात दिसतो.

अहवालात हे असलेच पाहिजे: ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरतीची स्थिती, चाळणीचा आकार, आम्लपद्धत, शोधमर्यादा, कोऱ्या आणि संदर्भ नमुन्यांचे निकाल, पार्श्वभूमी मूल्य कुठून घेतले, आणि उंबरठे कसे दुरुस्त केले. कारखान्याचे नाव घेऊ नका. गाळ स्रोताची दिशा सांगतो, सांडपाण्याच्या नळाचा नमुना नसताना कुणावर बोट ठेवता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार द्यायची असेल तर मूळ प्रयोगशाळा अहवाल जोडा, स्वतः टंकलेला तक्ता नाही.

उरलेला चाळलेला गाळ काचेच्या बरणीत, क्रमांकासह, कोरड्या कपाटात निदान पुढच्या वर्षीच्या फेरीपर्यंत ठेवा. निकालावर कुणी शंका घेतली तर दुसऱ्या प्रयोगशाळेला देण्यासाठी तोच लागेल.